डॉल्फिनकडे पाठ

...आणि वर मलाच विचारतात हो, "काय सोनटक्के, कोकणात जाऊन आलात म्हणे, डॉल्फिन दिसला का?" असं हसत हसत विचारतात, जसं काही डॉल्फिन न दिसणं हा माझ्या खानदानातला दोष आहे! अरे बाबांनो, भोपाळपासून दोन गाड्या बदलून, मधे कल्याणला पाच तास ट्रंकेवर बसून, पुढे कुडाळला उतरून, तिथून बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत आम्ही बारा माणसं समुद्रापर्यंत पोचलो... कशाला? गेलो होतो कशाला? डॉल्फिन बघायला! आणि काय बघितलं ते सांगतो, पण मधे बोलू नका, मधे बोललं की मी मांजर पिल्लं ठेवतं तसा एक विषय इकडे ठेवतो, एक तिकडे, मग सगळे गोळा करता करता संध्याकाळ होते.

तर मूळ चूक माझी. ती मी आधीच कबूल करतो, म्हणजे नंतर आमच्या हिला कबूल करवून घ्यायला नको.

आमची ही म्हणजे प्रतिभा. ग्वाल्हेरची. मराठी बोलते, पण हिंदीची फोडणी दिलेली. लग्नाला बावीस वर्षं झाली, बावीस वर्षांत या बाईनं माझ्याकडे काही मागितलं नाही. खोटं वाटेल, पण खरंच नाही. कारखान्याकडून प्रवासाची सवलत मिळाली की आम्ही आपले वर्ध्याला, माझ्या माहेरी... म्हणजे माझ्या गावी हो, पुरुषाला माहेर नसतं पण जातो तसाच! कोणाचं लग्न, कोणाची मुंज, कोणाचं श्राद्ध. ही आपली तिथे पोळ्या लाटायची आणि परत यायची. समुद्र तिनं जन्मात पाहिलेला नाही. आणि एका रविवारी टीव्हीवर तो डॉल्फिन आला. पाण्यातून वर उडी, हवेत वळून पुन्हा पाण्यात. ही पोळपाट-लाटणं सोडून तशीच उभी. इकडे वरण करपलं, धूर झाला, मी खोकतोय, आणि ही म्हणते, "अहो, मला नं, एकदा हा पाहून घ्यायचाय. आपण दोघंच जाऊ. कोणाला सांगू नका हं."

कोणाला सांगू नका! आता तुम्ही सांगा, भोपाळला सोनागिरीत राहून, कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये भिंतीला भिंत लावून, कोणाला न सांगता काही करता येतं? आमच्याकडे दुधाची पिशवी एक जास्त घेतली तर समोरच्या वहिनी विचारतात, "पाहुणे आले का?" पण तरी मी गप्प राहिलो असतो. तीन दिवस राहिलोही. चौथ्या दिवशी कँटीनमध्ये भज्यांच्या प्लेटीसमोर सुधाकर घाटे बसला होता. हा आमच्या वर राहतो, आमच्याच इन्स्पेक्शन विभागात आहे, आणि याचा जन्म माणसाच्या तोंडून गोष्ट काढून घ्यायला झालाय. म्हणाला, "काय सोनटक्के, यंदा सुट्टीत वर्धाच का?" बस्स, एवढंच विचारलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही रे, यंदा जरा कोकणात... डॉल्फिन बघायला."

दुपारी दोनला मी हे बोललो. पाचला भोंगा होईपर्यंत त्याची कमिटी झाली होती.

कमिटी म्हणजे काय ते बाहेरच्याला नाही कळायचं. कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस एकटा शिंकू शकत नाही, शिंकेचाही आधी कार्यक्रम ठरतो. सुधाकर संयोजक, मी सहसंयोजक, आणि अध्यक्ष कोण? टेंबे साहेब! भालचंद्र टेंबे, आमच्या विभागाचे मुख्य. ते म्हणाले, "वा, कल्पना छान आहे. आम्हीही येऊ. मॅडमनाही बदल हवाच आहे." झालं. साहेब येणार म्हटल्यावर विभागातले आणखी तीन जण बायकांसकट आले, कारण दोन महिन्यांनी बढतीची यादी निघायची होती, आणि यादीवर सही कोणाची? टेंबे साहेबांची. मी काय डॉल्फिन बघायला चाललो होतो आणि ते काय साहेबांना बघायला, असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही, कारण यादीत नाव यायची वाट मीही नऊ वर्षं बघत होतो.

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "किती जणं?" म्हटलं, "बारा." ती म्हणाली, "बरं." बस, एवढंच. तुम्हाला सांगतो, बायको ओरडली तर माणूस जेवू शकतो, ती "बरं" म्हणाली की घास उतरत नाही.

प्रवासाची तर बातच सोडा. साहेब वातानुकूलित डब्यात, आम्ही साध्या शयनयानात, ते ठीक आहे, ज्याचा त्याचा हक्क. पण सुधाकरनं असा पायंडा पाडला की गाडी थांबली रे थांबली की आम्ही पाचही पुरुष उतरायचं, प्लॅटफॉर्मवरून आठ डबे पळायचं, साहेबांच्या खिडकीसमोर उभं राहायचं. "सर, चहा?" "नको." "मॅडम, केळी?" "नको." की पुन्हा आठ डबे मागे पळायचं! इटारसीला पळालो, खंडव्याला पळालो, भुसावळला तर गाडी सुटल्यावर पळालो. प्रतिभा खिडकीत बसून बघत होती. म्हणाली, "तुम्ही चालत चालत पोचला असतात एव्हाना."

पोचलो एकदाचे. आणि समुद्र दिसला... मी खोटं नाही बोलणार, हातातल्या बॅगा मी तशाच खाली ठेवल्या. प्रतिभानं माझा हात धरला, चारचौघांत, बावीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "हे सगळं पाणीच आहे?" मी "हो" म्हणणार, तेवढ्यात मागून सुधाकर, "छान आहे हो, चांगला आहे, पण आपल्या भोपाळच्या बड्या तलावाला जी शिस्त आहे ती नाही इथे. लाटा बघा कशा, एक लहान एक मोठी." हा माणूस समुद्रालाही नापास करायला निघालेला! आणि साहेबांनी मान डोलावली. साहेबांनी डोलावली म्हणून उरलेल्या चौघांनीही डोलावली. त्या चौघांत मीही होतो, हात सुटला तो तेव्हा.

आणि गेलो होतो कशाला? डॉल्फिन बघायला!

होडीवाला गोविंद म्हणून होता. काळाकभिन्न, शांत. त्यानं आदल्या दिवशीच बजावलं, "सकाळी साडेसहाक येवा. ऊन तापला की ते खोल जातत." सोपी गोष्ट आहे की नाही? साडेसहाला उठून जायचं. पण साहेबांची पूजा. मग मॅडमचा चहा. मग मॅडमच्या चहात साखर जास्त, म्हणून दुसरा चहा. मग सुधाकरनं हजेरी घेतली, नावं पुकारून, बारा माणसांची, जी सगळी त्याच्यासमोर उभी होती! किनाऱ्यावर पोचलो तेव्हा साडेनऊ. गोविंद बिडी ओढत बसला होता.

साहेब पुढे झाले. इन्स्पेक्शनचा माणूस, तीस वर्षं मोजमाप. विचारतात काय? "डॉल्फिन दिसण्याची टक्केवारी काय?" गोविंद म्हणाला, "काय?" साहेब म्हणाले, "म्हणजे शंभर फेऱ्यांत किती वेळा? अंदाजे. आणि साधारण किती वाजून किती मिनिटांनी?" गोविंदनं बिडी विझवली आणि म्हणाला, "साहेबांनू, तो काय तुमच्या कारखान्यात कामाक आसा?"

मला हसू आलं. प्रतिभा तर तोंडाला पदर लावून हसली. साहेब हसले नाहीत, म्हणून मी खोकलो.

मग लाइफ जॅकेटं. बारा होती. आठ कोरी, केशरी, चार विटलेली. आता बुडायच्या वेळी माणूस माणूसच असतो, असं तुम्हाला वाटेल. चुकताय तुम्ही! आमच्या टाऊनशिपमध्ये हळदीकुंकवाला मोठ्या क्वार्टरच्या बायका सोफ्यावर बसतात आणि लहान क्वार्टरच्या सतरंजीवर, ते कोणी सांगत नाही, आपोआप होतं. तसंच झालं. कोरी जॅकेटं ग्रेडप्रमाणे वाटली गेली. आमच्यापर्यंत येताना दोन विटकी उरली, त्यातल्या प्रतिभाच्याचं बक्कल तुटलेलं. गोविंदनं नायलॉनच्या दोरीनं बांधून दिलं, दोन गाठी मारून. म्हणजे होडी बुडाली असती तर आम्ही बुडणारही सिनिऑरिटीनं!

होडी निघाली. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, सगळीकडे पाणी. मॅडमना मळमळायला लागलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. सुधाकर गोविंदला म्हणतो, "जरा लवकर दाखवा की, भोपाळहून आलोय." जसा काही त्यानं खिशात लपवलाय! प्रतिभा मात्र एका कडेला बसून होती, काठाला हात, डोळे पाण्यावर. कुणाचं काही ऐकत नव्हती. मी तिच्या शेजारी. आम्ही आपले कडेला, कारण ग्रेडप्रमाणे आमची जागा कडेलाच. पण खरं सांगू? फार बरं वाटत होतं. वाटलं, आता आलो खरे दोघं.

आणि सुधाकरला फोटो आठवला.

कारखान्याचं मासिक निघतं, त्यात विभागाच्या सहलीचा फोटो छापतात. त्यासाठी हा माणूस भोपाळहून चार हात लांब कापडी फलक घेऊन आला होता, "परीक्षण विभाग, अभ्यास-सहल". अभ्यास! कसला अभ्यास, तर मॅडमच्या मळमळीचा! आता फोटो काढायचा म्हणजे सगळे एका रांगेत हवेत, मागे समुद्र हवा, म्हणजे सगळ्यांनी होडीच्या एका बाजूला जायचं, समुद्राकडे पाठ करून. गोविंद ओरडला, "सगळे एका अंगाक रवू नकात, होडी आडवी होतली!" पण आम्ही अभियंते ना! साहेबांनी हिशेब केला, सगळ्यांच्या बॅगा, डबे, पाण्याचे कॅन पलीकडच्या बाजूला सरकवले, वर गोविंदला कॅमेरा देऊन त्या बॅगांवर बसवला, आणि म्हणाले, "झाला तोल."

मधे साहेब, शेजारी मॅडम, मग दोन्हीकडे ग्रेडप्रमाणे जोड्या. आम्ही दोघं अगदी शेवटी. आणि तेवढ्यात साहेबांचा तोल गेला. त्यांना आधाराला कोणीतरी हवं. सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "सोनटक्के, इकडे या. माझ्याजवळ."

तुम्हाला सांगतो, नऊ वर्षं! नऊ वर्षांत साहेबांनी मला नावानं हाक मारलेली ती पहिली वेळ. सुधाकरचा चेहरा पडला. मी प्रतिभाकडे बघितलं. ती म्हणाली, "जा ना, बोलवतायत." आणि मी गेलो. चार माणसं ओलांडून मधे. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, चांगला भार देऊन. मनात आलं, यादीत आलं नाव.

पहिला फोटो, वाऱ्यानं फलक उलटा झाला. दुसरा, साहेबांचे डोळे मिटले. तिसरा, मॅडम म्हणाल्या, "माझे केस." सुधाकरनं कॅमेरा बघितला आणि पांढरा पडला, "सर, रोलमध्ये एकच उरलाय." छत्तीसचा रोल होता! बाकीचे कुठे गेले? साहेब गाडीत चढताना, साहेब गाडीतून उतरताना, साहेब नारळाखाली, साहेब दुसऱ्या नारळाखाली. तेव्हा साहेबांनी आज्ञा केली, "आता कोणीही हलायचं नाही. काहीही झालं तरी."

आणि काहीतरी झालं.

गोविंदनं कॅमेरा डोळ्याला लावला, आणि खाली केला. म्हणाला, "मागे बघा." शांतपणे म्हणाला. "इले. तीन आसत. मागे बघा हो." साहेब ओठ न हलवता म्हणाले, "आधी फोटो." गोविंद म्हणाला, "अहो, ते जातले!" साहेब म्हणाले, "आधी फोटो काढा!"

आणि माझ्या पाठीमागे आवाज झाला. फूऽऽस्स. कोणीतरी मोठ्ठा श्वास सोडावा तसा. माझ्या मानेवर पाण्याचे बारीक थेंब आले, खारे, गार. अहो, इतका जवळ! हात मागे केला असता तर लागला असता. मला कळत होतं हो, मला सगळं कळत होतं. मान फक्त वळवायची. पण खांद्यावर साहेबांचा हात, आणि ती मान... ती काही वळली नाही. अकरा माणसं, समुद्राकडे पाठ करून, दात दाखवत उभी. तो फूऽऽस्स टोकाकडे सरकला, आणि तिकडून हळूच प्रतिभाचा आवाज आला, "अगंबाई..."

खट्. निघाला फोटो.

आम्ही वळलो. पाण्यावर नुसत्या गोल गोल रेघा, पसरत चाललेल्या. पुढे तासभर थांबलो, सुधाकरनं दुर्बीण काढली, साहेबांनी गोविंदला इकडे घ्या, तिकडे घ्या केलं. काही नाही. गेलो होतो कशाला? डॉल्फिन बघायला! आणि तो आमची पाठ बघून गेला.

संध्याकाळी वाळूत मी हिच्याशेजारी बसलो. विचारलं, "कसा होता गं?" म्हणाली, "तुमच्याबरोबर पाहायचा होता मला. तुम्ही तिथनं उठून गेलात." मी म्हटलं, "अगं, होतो की, चार माणसांवर तर होतो." ती म्हणाली, "हो. चार माणसांवर." तुम्हाला सांगतो, मला लाज वाटली. आजही वाटते. हसताय काय, तुमच्याही खांद्यावर कोणाचा तरी हात असेलच.

परतीची गाडी सुटली आणि चमत्कार सुरू झाला. कल्याणला एकाला शेपूट दिसल्याचं आठवलं. भुसावळला सुधाकरनं दोन पाहिले होते. इटारसीला पाच! भोपाळ येईपर्यंत एकानं तर त्याच्याशी नजरानजर केली होती. मग अहवाल तयार झाला, "सर्व सदस्यांनी डॉल्फिन-दर्शनाचा लाभ घेतला." खाली सह्या. मीही केली. तीस वर्षं तेच करतोय हो, "तपासले, योग्य आढळले", आणि खाली सही. बारा सदस्यांपैकी सह्या फक्त सहा पुरुषांच्या, बायकांपैकी एकीचीही नाही. का? तर त्या कर्मचारी नाहीत, बायका आहेत. जिनं पाहिलं तिला कोणी विचारलंच नाही.

फोटो धुवायला जवाहर चौकात टाकला होता. मी आणि सुधाकर आणायला गेलो. स्टुडिओवाला अस्सल भोपाळी, म्हणतो, "को खां, फोटू तो झन्नाट आया है, बस किनारे वाली भाभीजी घूम गईं." बघतो तर काय... अकरा चेहरे, सगळे हसरे, आणि शेवटी एक अंबाडा. विटकं जॅकेट, नायलॉनची दोरी, आणि प्रतिभाचा अंबाडा. आणि तिच्या पलीकडे, तिच्याच बाजूला, पाण्यावर दोन काळेभोर पर, एवढे स्वच्छ की कोणीतरी शाईनं काढावेत. मी म्हटलं, "सुधाकर, डॉल्फिन आला बघ फोटोत!" तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण वहिनींनी मान फिरवली. हा साहेबांना दाखवायचा कसा?"

दाखवला. साहेब म्हणाले, "शिस्त दिसत नाही. कडेचा भाग कापा." कापला. आता प्रतिभा कापली म्हणजे काय काय गेलं ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. मासिकात छापून आला फोटो. अकरा माणसं, मागे कोरा समुद्र, आणि खाली ओळ, "डॉल्फिन-दर्शनाचा आनंद लुटताना आमचे सहकारी".

मी पूर्ण फोटो स्टुडिओतून मागून आणला. हिनं तो बैठकीच्या खोलीत लावलाय. येणारा प्रत्येक जण विचारतो, "ही पाठमोरी कोण?" मग मला सगळं सांगावं लागतं, आता तुम्हाला सांगतोय तसं.

आणि हो, यादी लागली. आलं नाव. नऊ वर्षांनी! मी पेढे घेऊन घरी आलो, म्हटलं, "प्रतिभा, झालं बरं का. आता मोठं क्वार्टर, हळदीकुंकवाला सोफ्यावर बसशील. आणि पुढच्या सहलीला आपण दोघं थेट मधे, साहेबांच्या शेजारी."

तिनं पेढा घेतला, देवापुढे ठेवला. हात पुसले. आणि म्हणाली, "अभिनंदन हं. तुम्ही मधे राहा. मी आपली कडेलाच बरी... तिथनं दिसतं."

मी म्हटलं, "बरं."